मॅडमला पाणी देऊ नये

हॉस्पिटलात नोकरीला लागलेली बाई एक तर सिस्टर होते, नाही तर मावशी. झाडूच्या मावशी, जेवणाच्या मावशी, तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना ओरडणाऱ्या मावशी. ही गोष्ट लाँड्रीच्या मावशींची आहे. एकवीस वर्षं त्यांनी दोनशे खाटांच्या चादरी धुतल्या. साबण, सोडा आणि ब्लीच यांनी त्यांचे तळहात इतके पांढरे पडले होते की नवरा म्हणायचा, "तुझ्या हातचा चहासुद्धा निर्जंतुक असतो." नवरा बसचा कंडक्टर होता, आता रिटायर झालेला, आणि रिटायर माणसाला विनोद सुचायला भरपूर वेळ असतो.

लाँड्री म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाची एक लांबट खोली. धुलाईची दोन मशिनं, त्यांतलं एक लहरी. एक हौद, इस्त्रीचं टेबल, आणि मागच्या दारातून बाहेर पडलं की वाळत घालायचं अंगण. तिथे अकरा दोऱ्या. मावशी धरून सात बायका. दोघी कायम, पाच रोजंदारीवर. त्या पाचांत एक मावशींची धाकटी जाऊ. दीर गेल्यावर मावशींनीच तिला इथे आणून उभी केली होती. जावाजावांचं जेवढं पटतं तेवढं या दोघींचं पटायचं, म्हणजे दिवसातून दोनदा वाजायचं. पण डबा मात्र एकाच झाकणात उघडायचा.

अंगणाच्या पलीकडे एक मोकळी जागा होती. जुनी इमारत पाडली, दगड-लोखंड विकलं गेलं, आणि मागे राहिला विटांचा चुरा, चुन्याची भुकटी आणि पिठासारखी धूळ. दुपार झाली की वारा सुटायचा. कुणीतरी ओरडायचं, "वारा." की साती जणी हातातलं टाकून दोऱ्यांकडे पळायच्या. काही चादरी वाचायच्या, काही धुळीने माखायच्या आणि परत हौदात जायच्या. पाणी टँकरचं. एकच चादर दोनदा धुवायची म्हणजे कुणाच्याही जिवावर येईल. तरी एकवीस वर्षं हे असंच चाललं होतं. सवयीच्या दुखण्याला कुणी औषध घेत नाही.

मग एका उन्हाळ्यात ऑपरेशन झालेल्या एका म्हाताऱ्याच्या टाक्यांवर रेतीचे कण सापडले. चादरीतून आलेले. नुकत्याच आलेल्या अधीक्षक मॅडम लाँड्रीत आल्या, ओरडल्या नाहीत, घडीची चादर उचलून झटकली, आणि टेबलावर पडलेल्या धुळीकडे बघत राहिल्या. खरं सांगायचं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आठवड्याने कागद आला. पुढच्या उन्हाळ्यानंतर लाँड्री बंद. कपडे बाहेरच्या कंपनीच्या ट्रकमधून जातील आणि धुऊन येतील. कायमच्या दोघींना वॉर्डात घेतलं जाईल. पाच जणींबद्दल कागदात एक ओळसुद्धा नव्हती.

त्या दिवशी धाकटीने डबा उघडला नाही. एरवी जिचं तोंड गप्प बसत नाही ती बाई गप्प बसली की घर खायला उठतं, तशी ती लाँड्री मावशींना खायला उठली. त्या हात पुसत उठल्या आणि थेट अधीक्षकांच्या केबिनमध्ये गेल्या.

"मॅडम, धूळ थांबली तर?"

"कशी थांबणार? दोनदा गवत लावलं, दोनदा वाळलं. तिथं द्यायला आपल्याकडे पाणी नाही. फरशीला मंजुरी मिळत नाही."

"मी थांबवते."

मॅडमनी चष्मा काढला. "मावशी, कंपनीशी करार व्हायला वर्ष आहे. पुढच्या उन्हाळ्यात, ऐन वाऱ्याच्या दिवसांत मी येईन. वाळत घातलेल्या चादरीवरून कापसाचा बोळा फिरवीन. बोळा पांढरा राहिला तर लाँड्री राहील. नाही राहिला तर मला काही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार," मावशी म्हणाल्या, आणि बाहेर आल्यावर त्यांना घाम फुटला. थांबवते म्हणणं सोपं होतं. कशाने थांबवणार, याचा त्यांना पत्ता नव्हता. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला.

पत्ता लागला तो शवागाराशी. ती एका कोपऱ्यातली बसकी खोली. तिकडे कामाशिवाय कुणी फिरकत नाही. मावशी तिथल्या चादरी आणायला गेल्या होत्या. दार उघडायची वाट बघत सहज वर पाहिलं, तर पत्र्याच्या पन्हळीत हिरवंगार काहीतरी पसरलेलं. बारीक बारीक गुबगुबीत पानं, एकमेकींच्या अंगावर रेललेले देठ, पन्हळीच्या कडेवरून खाली लोंबलेले. भर उन्हाळ्यात, तापलेल्या पत्र्यावर, मूठभर मातीत.

"याला पाणी कोण घालतं?" त्यांनी शवागाराच्या मामांना विचारलं.

"इथं जित्या माणसाला कुणी पाणी विचारत नाही," मामा म्हणाले. "चार वर्षं आहे ते. कुणी लावलं, ठाऊक नाही."

मावशींनी शिडी मागवली. निम्मं काढलं, निम्मं ठेवलं, ही त्या दिवशीची त्यांची सगळ्यात मोठी अक्कल. पुढे ती फार उपयोगी पडली.

हॉस्पिटलच्या औषधाच्या खिडकीत बसणारा कंपाउंडर स्वतःला सर्वज्ञ समजायचा. त्याने मोबाइलमध्ये फोटो काढला, शोधाशोध केली आणि जाहीर केलं, "याला सेडम म्हणतात. जमिनीवर पसरतं. दुष्काळातही टिकतं."

"काय म्हणतात?" धाकटीने विचारलं.

"सेडम."

"मॅडम?"

"मॅडमच म्हणा," कंपाउंडर हसून म्हणाला, आणि तिथून ते झाड मॅडम झालं. एकदा तोंडी बसलेलं नाव कोण खरवडणार? सगळ्याच मॅडम असल्यामुळे आदरार्थी बोलणंही आपोआप आलं.

मावशींनी जागा मोजली ती आपल्या पद्धतीने. फूट-मीटर त्यांना कळायचे नाहीत असं नाही, पण चादर हाताला माहीत होती. सहा जणींच्या मदतीने चादरीमागे चादर धरून मोजलं, तर नव्वद चादरींची जागा भरली. नव्वद चादरी हिरव्या करायच्या, आणि हाताशी काय, तर एक बादली देठ.

पहिली चूक त्यांनी स्वतःच केली. देठ आणले त्याच दिवशी रोवले, आणि हौदात चादरी शेवटच्या खळबळल्यावर उरलेलं पाणी रोज वर ओतलं. पाणी वाया जाताना बघून जी बाई एकवीस वर्षं हळहळली, तिला हे सुचणारच. साबण फार नव्हता त्यात, पण होता. आणि पाणी तर भरपूर होतं. दहा दिवसांत पानं काचेसारखी पारदर्शक झाली, देठ बुडाशी काळे पडले, बोट लावलं की लिबलिबीत. एक पूर्ण बादली गेली.

"झालं," धाकटी म्हणाली. "आता ट्रक येऊ दे. तुमचं काय, तुम्ही वॉर्डात जाल."

हे बोलणं मावशींना फार लागलं. घरी जाऊन त्या जेवल्या नाहीत. नवऱ्याने कारण विचारलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझ्या त्या पत्र्यावर चार वर्षं कुणी हौदाचं पाणी ओतत होतं का?"

मावशींनी ताट वाढून घेतलं. माणूस एरवी कामाचं बोलत नाही, पण बोलला.

दुसऱ्या वेळी शवागाराच्या पत्र्यावरून त्यांनी अर्ध्याचं अर्धं काढलं. या वेळी घाई नाही. बोटाएवढे तुकडे केले, बुडाची चार पानं खुडली, आणि घरी वर्तमानपत्रावर पसरून कॉटखाली ठेवले. कापलेली जागा आधी सुकली पाहिजे. टाके ओले असताना कुणी पेशंटला आंघोळ घालतं का? इतकी वर्षं हॉस्पिटलात राहून हे आपल्याला आधी कसं कळलं नाही, याची त्यांना लाज वाटली.

"कॉटखाली भाजी वाळवतेस का?" नवऱ्याने विचारलं.

"मॅडम आहेत."

"मग त्यांना खुर्ची दे."

तीन दिवसांनी तुकडे विटांच्या चुऱ्यात रोवले. तो चुरा, ज्याला सगळे शिव्या द्यायचे, तोच या झाडाला मानवला. पाणी साठत नाही, मुळांना हवा मिळते. सुटीच्या दिवशी नवराही आला आणि कंडक्टरच्या अधिकाराने सूचना देऊ लागला, "दोघांत एक वीत जागा ठेवा. पुढे सरका, पुढे मोकळं आहे." वाऱ्याने कोवळे देठ उपटू नयेत म्हणून मावशींनी स्टोअरकीपरकडून बाद झालेल्या चादरी मागून घेतल्या, त्यांच्या पट्ट्या फाडल्या, ओळींच्या मधल्या धुळीवर अंथरल्या आणि दगडांनी दाबल्या. पहिला आठवडा पाणी नाही. मग तांब्याने एकदा. मग पंधरा दिवसांनी एकदा. पान चिमटीत धरून बघायचं. सुरकुतलं असेल तर तहान आहे, टणक असेल तर हात मागे. आणि मधून उगवणारं तण रोज उपटायचं, कारण मॅडम सावकाश वाढतात, तण आधाशासारखं वाढतं.

महिनाभरात देठांना नवे शेंडे फुटले. ते खुडायचे, सुकवायचे, पुढे लावायचे. लाँड्रीतला हिशेबच बदलला. "आज किती?" "अर्धी चादर." "आज?" "सव्वा." पावसाचं पाणी चुऱ्यातून निथळून जायचं. पावसाळा उलटेपर्यंत अकरा चादरी झाल्या, हिवाळ्याच्या तोंडाशी पंचवीस.

आणि मग मॅडम परत कुजायला लागल्या. या वेळी मधूनच, जागोजागी, कडेला बसायचे बाक होते त्या बाजूला जास्त. मावशींनी दोन दिवस पाळत ठेवली, तेव्हा चोर सापडले. ते होते पेशंटचे नातेवाईक. चार-चार दिवस खाटेपाशी बसून कंटाळलेली, काळजीने पोखरलेली माणसं मोकळ्या हवेला इथे येत. हातात पाण्याचा जग किंवा बाटली. निघताना उरलेलं पाणी झाडाला ओतत. कुणाचाही वाईट हेतू नव्हता. उरलेलं पाणी मोरीत ओतायला हात धजत नाही, आणि आपला माणूस वर खाटेवर पडलेला असताना खाली एखादं रोप जगवावं असं कुणालाही वाटेल. दिवसाकाठी साठ-सत्तर माणसं अशी माया करत होती. अति तिथं माती म्हणतात. इथे चिखल झाला.

मावशींनी पाटी लावली, "झाडांना पाणी घालू नये". लोक वाचायचे, हसायचे आणि घालायचे. कुठल्या झाडाला पाणी नको असतं? एका आजोबांना त्यांनी हात जोडून सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, थोडंसंच घातलंय." पाटीवर लाल रंगाने लिहिलं, उपयोग शून्य. मावशींनी हात टेकले.

उपाय सुचला तो धाकटीला, आणि हे मावशींनी पुढे प्रत्येकाला सांगितलं. ऑपरेशनच्या आधी पेशंटच्या खाटेला एक पत्र्याची पाटी अडकवतात. नवीन प्लास्टिकच्या पाट्या आल्यापासून जुन्या पत्र्याच्या स्टोअरमध्ये पडून होत्या. धाकटी जाऊन चौदा घेऊन आली. ठळक काळी अक्षरं: "उपाशी. तोंडावाटे काही देऊ नये. पाणीसुद्धा नाही." चौदा पाट्या काठ्यांना बांधून चौदा ठिकाणी रोवल्या.

दुसऱ्या दिवशी तेच आजोबा भरली बाटली घेऊन आले. वाकले, पाटी वाचली, चटकन सरळ झाले आणि दोन पावलं मागे सरकले. शेजारी बसलेल्या बाईला हलक्या आवाजात म्हणाले, "यांचं ऑपरेशन आहे वाटतं." त्या पाटीची दहशत या इमारतीत सगळ्यांच्या हाडात मुरलेली होती. त्या दिवसापासून मॅडमच्या पानावर थेंब पडला नाही. उलट कुणी नवखा बाटली तिरकी करू लागला, तर इतर नातेवाईकच त्याच्यावर धावून जात.

एकदा मात्र फजिती झाली. व्हरांड्यातल्या नळाशी दोघी जावा बोलत होत्या.

"मॅडमना पाणी नाही ना दिलंस?"

"छे. बारा दिवस झाले. पण ताई, त्या कोपऱ्यातल्या मॅडम फार माजल्यात. उद्या शेंडे छाटते."

"छाट. आणि त्या दोन कुजलेल्या दिसतात, त्या उपटून फेक. एक सडली की बाकीच्या सडतात."

मागे अधीक्षक मॅडम राउंडची फाइल घेऊन उभ्या होत्या. "कोण माजलंय?" त्यांनी शांतपणे विचारलं.

धाकटीच्या हातातली बादली सुटली. मावशींनी खोटं बोलायचा विचार केला, पण मागे जाऊन दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मॅडम अंगणात आल्या. तोवर साठ चादरी हिरव्या झाल्या होत्या. त्यांनी एक पाटी वाचली, दुसरी वाचली, ओठ घट्ट मिटून घेतले.

"हे नाव कुणी ठेवलं?"

"कंपाउंडर भाऊंनी."

"बरं," एवढंच म्हणून त्या गेल्या. कंपाउंडर दुसऱ्या दिवशी पोट दुखतंय म्हणून रजेवर होता.

उन्हाळा आला तेव्हा नव्वदपैकी शहाऐंशी चादरी भरल्या होत्या. उरलेल्या चार चादरींच्या तुकड्यावर खडी पसरून टाकली. धूळ दिसेना. पण बाहेरच्या कंपनीचा माणूसही दिसू लागला. तो येऊन दाराची रुंदी मोजून गेला, ट्रक लागेल का बघून गेला. करार तयार होता, फक्त सही राहिली होती. रोजंदारीतल्या दोघी दुसरीकडे काम बघू लागल्या. मावशींनी त्यांना अडवलं नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

मॅडम आल्या त्या दिवशी सकाळपासून हवा कोंडली होती. चाळीस चादरी दोऱ्यांवर. मॅडम बारा वाजता खुर्ची टाकून बसल्या. साडेबाराला शेजारच्या छपराचा पत्रा वाजला. धाकटी सवयीने ओरडली, "वारा." साती जणींची पावलं उचलली. चादरी शिडासारख्या फुगल्या, एका दोरीचा खांब करकरला. आणि सगळ्यांच्या आधी कोण उठलं असेल, तर अधीक्षक मॅडम. त्यांनी जवळच्या चादरीचे चिमटे पटापट काढायला सुरुवात केली. हॉस्पिटलची चादर वाऱ्यात सापडलेली पाहून कुठल्या बाईचे हात स्वस्थ बसतील?

मावशींनी त्यांचं मनगट धरलं. एकवीस वर्षांत त्यांनी कुठल्या साहेबाच्या टेबलालासुद्धा हात लावला नव्हता.

"राहू द्या, मॅडम."

"अहो, पण धूळ..."

"राहू द्या. अगं, कुणी पळू नका. उभ्या राहा."

साती जणी उभ्या राहिल्या. हे सोपं नव्हतं. पाय पळायला सोकावलेले. धाकटीने तर आपलेच हात काखेत दाबून धरले. वारा अंगणावरून गेला, परत आला, त्यांचे पदर उडवले, डोळ्यांत पाणी आणलं. शहाऐंशी चादरींवरच्या मॅडम जागच्या हलल्या नाहीत. अर्धा तास वारा झोडपत होता, आणि मावशी तो करकरणारा खांब दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

वारा पडला. मॅडमनी खिशातून स्पिरिटचा बोळा काढला. पहिल्या दोरीवरच्या चादरीवरून फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग तो हातात तसाच ठेवून सहाव्या दोरीवर. मग अगदी शेवटच्या, मोकळ्या जागेला लागून असलेल्या अकराव्या दोरीवर, दोन्ही बाजूंनी. मग तो उन्हात धरला. साती जणी माना उंचावून बघत होत्या.

बोळा पांढरा होता. मॅडमनी तो उलटा केला, परत सरळ केला, जणू काही चुकलंच असणार. मग मावशींच्या पांढऱ्या पडलेल्या तळहातावर ठेवला.

"कंपनीला मी आजच नाही म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "आणि सोमवारपासून ऑपरेशन थिएटरचे हिरवे कपडेही इथंच येतील. आजवर ते मी बाहेर देत होते. सात जणींत होईल?"

"होईल," मावशी म्हणाल्या. बोळा पदराच्या टोकाला बांधत परत म्हणाल्या, "होईल, मॅडम."

अधीक्षक मॅडम गेल्या. मग धाकटी पुढे आली. "ताई, वर्षभर मनातल्या मनात तुम्हाला शिव्या घालत होते. त्या परत घेते."

"सगळ्या?"

"दोन-तीन ठेवते. लागतात."

मावशी हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. लपवलं नाही. धीर सुटून कामं शोधत फिरणाऱ्या त्या दोघीही रडल्या, आणि ज्यांना रडू येत नव्हतं त्यांनी रडणाऱ्यांच्या पाठीवर थापा मारल्या. बातमी पळत पळत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली. तिथल्या ओरडणाऱ्या मावशी खिडकीतून ओरडल्या, "पाणी न घालता सगळ्यांना पाणी पाजलंत की."

चार वाजता चादरी उतरवल्या. घडीला नेहमीप्रमाणे दोघी-दोघी लागल्या. मावशी आणि धाकटी एका चादरीची चार टोकं धरून समोरासमोर उभ्या राहिल्या. ताणायचं, पुढे यायचं, टोकं जुळवायची, मागे जायचं. पहिली झाली, दुसरी झाली. टेबलावर ढीग वाढत गेला. चाळिसावी घडी ठेवून धाकटीने हौदाकडे बघितलं. आज तो कोरडा होता. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच वाऱ्याच्या दिवशी एकही चादर परत धुवायला गेली नव्हती.